खारी हवा, हायवे आणि चढ : घरच्या घरी इंजिनाची तपासणी

डहाणू आणि तलासरी हे पालघर जिल्ह्याच्या उत्तर टोकाचे तालुके मोटारीच्या इंजिनाला तीन अगदी निरनिराळ्या परिस्थितींतून नेतात. पश्चिमेला चिंचणीपासून डहाणू, नरपड, घोलवड, बोर्डीपर्यंतचा किनारा आहे, जिथल्या वाऱ्यात वर्षभर मीठ असते. मधून चारोटी, तलासरी, आच्छाड असा गुजरातेत शिरणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४८, म्हणजे पूर्वीचा आठ क्रमांकाचा मुंबई-अहमदाबाद रस्ता जातो. आणि पूर्वेला कासा-सायवनच्या बाजूने जव्हारकडे चढत जाणारा नाशिकचा रस्ता लागतो. एकच गाडी किनाऱ्यावर सकाळी सुरू व्हायला कुरकुरते, महामार्गावर तापते आणि जव्हारच्या चढावर दम टाकते, तेव्हा तिच्यात तीन बिघाड असतातच असे नाही, आणि एकच बिघाड असेल असेही गृहीत धरता येत नाही. म्हणून घरच्या अंगणात बॉनेट उघडणाऱ्या माणसाने पान्याला हात घालण्याआधी एक नोंद करायची असते : बिघाड कोठे दिसतो, केव्हा दिसतो आणि इंजिनावर किती भार असताना दिसतो. निम्मे निदान या नोंदीतच होते, आणि ज्या निदानात ही नोंद नसते त्यात सुटे भाग बदलत राहण्याचा खर्च मात्र हमखास असतो.

मोटारीचे इंजिन हे अंतर्ज्वलन इंजिन होय, म्हणजे इंधन सिलिंडरच्या आतच जळते आणि जळताना फुगणारा वायू दट्ट्याला, म्हणजे पिस्टनला, खाली ढकलतो. निकोलाउस ओटो या जर्मन तंत्रज्ञाने १८७६ मध्ये चालवून दाखवलेले चार धावांचे चक्र आजही तेच आहे : पहिल्या धावेत हवा आणि इंधन आत येते, दुसरीत ते दाबले जाते, तिसरीत पेट घेते आणि चौथीत धूर बाहेर जातो. पेट्रोलच्या इंजिनात हा पेट स्पार्क प्लगच्या ठिणगीने होतो. डिझेलच्या इंजिनात ठिणगी नसते, तिथे हवाच इतकी दाबली जाते की तिच्या उष्णतेने फवारलेले डिझेल आपोआप पेटते. यावरून न सुरू होणाऱ्या पेट्रोल गाडीत चारच गोष्टी शोधायच्या उरतात, त्या म्हणजे ठिणगी, इंधन, दाब आणि या तिन्हींची योग्य वेळ. डिझेल गाडीत ठिणगी वगळून तीन. मात्र या चारांपर्यंत पोहोचण्याआधी इंजिन फिरले पाहिजे, आणि किनाऱ्यावरच्या गाड्यांचे पुष्कळ बिघाड या पहिल्या पायरीवरच असतात.

किल्ली फिरवल्यावर स्टार्टर मोटर, जिला सगळेजण सेल्फ म्हणतात, इंजिनाला पहिला फेरा देते. छोट्या पेट्रोल गाडीतही त्या क्षणी बॅटरीतून शंभर ते दीडशे अँपिअर प्रवाह ओढला जातो, आणि एवढ्या प्रवाहाच्या वाटेत जरासा जरी अडथळा आला तरी तो मोठा ठरतो. दीडशे अँपिअरच्या मार्गात एक शतांश ओहमचा रोध असला तरी दीड व्होल्ट तिथेच खर्च होतात, आणि बारा व्होल्टांच्या व्यवस्थेत दीड व्होल्ट म्हणजे आठवा हिस्सा. खाऱ्या हवेचे काम नेमके या ठिकाणी चालते. बॅटरीच्या ऋण टोकापासून इंजिनाच्या लोखंडापर्यंत जाणारी तांब्याची विणलेली पट्टी, जिला गॅरेजमध्ये अर्थिंगची पट्टी म्हणतात, बोल्टाखाली जिथे दाबली जाते तिथे मीठ आणि दमट हवा शिरून हिरवट थर धरते. वरून पट्टी धडधाकट दिसते, दिवे लागतात, हॉर्न वाजतो, कारण दिव्यांना आणि हॉर्नला लागणारा प्रवाह थोडा असतो; सेल्फ मात्र कण्हत फिरतो किंवा नुसताच 'टक' करून थांबतो. मालक बॅटरी बदलतो, नवी बॅटरी जास्त जोमाने ढकलत असल्यामुळे महिनाभर बरे चालते, आणि पावसाळ्याच्या तोंडाशी पुन्हा तेच सुरू होते.

हा दोष पकडायला साधा मल्टिमीटर पुरतो. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास आकडा दिसला तर ती भरलेली आहे, १२.२ म्हणजे साधारण निम्मी, आणि बाराच्या खाली गेली असेल तर ती रिकामी होत आली आहे. यानंतर दुसऱ्या माणसाला किल्ली फिरवायला सांगून सेल्फ चालू असतानाचा आकडा पाहावा. तो साडेनऊच्या खाली घसरला तर दोष बॅटरीचा किंवा अडलेल्या सेल्फचा. पण आकडा अकराच्या आसपास टिकून असेल आणि तरीही सेल्फ मंद फिरत असेल, तर बॅटरी द्यायला तयार आहे, वाटच बंद आहे, असा त्याचा अर्थ होतो. मग मीटरची एक तार बॅटरीच्या ऋण टोकावर आणि दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूवर टेकवून पुन्हा सेल्फ मारावा. निरोगी गाडीत इथे ०.२ ते ०.३ व्होल्टपेक्षा जास्त आकडा येत नाही. एक व्होल्ट आला तर पट्टीचा बोल्ट काढून दोन्ही बाजू काचपेपरने धातू चमकेपर्यंत घासाव्यात, घट्ट बसवाव्यात आणि वरून ग्रीस किंवा व्हॅसलीनचा हात फिरवावा. ग्रीस आधी लावून मग बोल्ट कसण्याची सवय चुकीची नसली तरी त्यात घासण्याचे काम टाळले जाते, आणि खरे काम तेच आहे. बॅटरीच्या टोकांवर साचणारी पांढरी-निळसर पूड खायच्या सोड्याच्या गरम पाण्याने विरघळते. ती काढताना ऋण टोक आधी सोडवावे, कारण धन टोक आधी सोडवताना पाना गाडीच्या पत्र्याला लागला तर पूर्ण बॅटरीचा प्रवाह त्या पान्यातून जातो.

एप्रिल २०१३ पासून मुंबईची लोकल डहाणू रोडपर्यंत येऊ लागली, आणि स्टेशनाबाहेर दिवसेंदिवस उभ्या राहणाऱ्या गाड्यांचा एक वेगळा वर्ग तयार झाला. आधुनिक गाडीतले घड्याळ, चोरीविरोधी यंत्रणा आणि संगणक बंद अवस्थेतही थोडा प्रवाह घेतच असतात. तो ५० मिलिअँपिअर धरला तर दिवसाला १.२ अँपिअर-तास जातात, म्हणजे ३५ अँपिअर-तासांची बॅटरी दोन आठवड्यांत निम्म्यावर येते. यात बिघाड काहीच नाही, आणि म्हणूनच तो शोधत बसू नये. चिकूच्या वाडीत उभ्या गाडीला मात्र दुसराच धोका असतो : उंदीर-घुशी वायरींचे आवरण कुरतडतात आणि कुंभारमाशी पेट्रोलच्या टाकीच्या हवेच्या बारीक नळीत मातीचे घर करते, ज्यामुळे गाडी सुरू होते, काही किलोमीटर चालते आणि टाकीत निर्वात होताच बंद पडते; झाकण उघडताच सुस्कारा टाकल्यासारखा आवाज झाला आणि गाडी पुन्हा सुरू झाली, तर दोष तिथेच.

सेल्फ जोमाने फिरतो पण इंजिन पकडत नाही, अशा वेळी ठिणगी, इंधन आणि दाब यांची पाळी येते. स्पार्क प्लग काढून पाहणे ही घरगुती तपासणीतली सर्वांत बोलकी पायरी आहे, कारण प्लगचे टोक हे जळणाच्या जागेतून बाहेर आलेली साक्ष असते. टोक फिकट तपकिरी किंवा राखाडी असेल तर जळण ठीक आहे. कोरडी काळी काजळी असेल तर इंधन जास्त किंवा ठिणगी अशक्त. ओलसर काळा तेलकट थर असेल तर इंजिन ऑइल वर चढते आहे. आणि पांढरेफटक, फोड आलेले टोक हे इंधन कमी पडत असल्याचे किंवा इंजिन फार तापत असल्याचे लक्षण आहे. चारही प्लग सारखे काळे असतील तर दोष सामायिक आहे, एअर फिल्टरसारखा. एकच काळा असेल तर त्या सिलिंडरपुरता. ही तुलना हाच या तपासणीचा गाभा आहे, म्हणून काढलेले प्लग कोणत्या सिलिंडरचे ते क्रमाने मांडून ठेवावे, एका डब्यात टाकू नयेत.

दाबाची तपासणी कॉम्प्रेशन गेजने होते. सगळे प्लग काढून, इंधनाचा पुरवठा बंद करून, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारला की प्रत्येक सिलिंडरचा दाब मीटरवर येतो. पेट्रोल इंजिनात तो साधारणतः दर चौरस सेंटिमीटरला १० ते १३ किलोग्रॅम असतो, आणि नेमक्या आकड्यापेक्षा सिलिंडरा-सिलिंडरांतला फरक महत्त्वाचा असतो. एक सिलिंडर बाकीच्यांहून बराच खाली असेल तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजावे. दाब वाढला तर गळती पिस्टनच्या रिंगांमधून आहे, कारण तेलाने ती फट तात्पुरती भरली. दाब तसाच राहिला तर गळती झडपांतून किंवा हेड गॅसकेटमधून आहे, जिथे तेल पोहोचत नाही. 'इंजिन बांधावे लागेल' हा निर्णय हजारो रुपयांचा असतो, आणि तो ऐकण्याआधी ही चमचाभर तेलाची चाचणी झालेली असावी.

जुन्या कार्ब्युरेटर गाड्यांवर हात बसलेल्या मिस्त्रींची एक सवय इथे सांगितली पाहिजे. गाडी मिसिंग मारत असेल, म्हणजे एखाद्या सिलिंडरात जळण चुकत असेल, तर चालत्या इंजिनात एकेका प्लगची वायर उपसायची. ज्या वायरीने आवाजात फरक पडत नाही तो सिलिंडर मेलेला. मारुती ८०० च्या पहिल्या पिढीत, म्हणजे १९८३ पासून पुढे बरीच वर्षे, ही युक्ती चालून गेली. आजच्या गाडीत तीच युक्ती महागात पडते, कारण ठिणगी नसलेल्या सिलिंडरातले न जळलेले पेट्रोल धुराबरोबर कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे विषारी वायू कमी करणाऱ्या सायलेन्सरमधील भागात, जाऊन पेटते आणि तो वितळवते, शिवाय उघड्या वायरीतला उच्च दाब इग्निशन कॉइल किंवा गाडीचा संगणक जाळू शकतो. तिथे प्लगऐवजी त्या सिलिंडरच्या इंजेक्टरचा, म्हणजे पेट्रोल फवारणाऱ्या भागाचा, विजेचा जोड काढावा. इंधनच बंद झाल्यामुळे तीच माहिती नुकसान न होता मिळते.

भारतात २०१० नंतरच्या दशकात विकल्या गेलेल्या बहुतेक मोटारींत स्टिअरिंगखाली सोळा टोकांचा एक जोड असतो, ज्यात छोटे यंत्र खोचून मोबाइलवर बिघाडाचे सांकेतिक क्रमांक वाचता येतात. या क्रमांकांविषयी एक गैरसमज फार पसरला आहे, तो म्हणजे यंत्र बिघडलेला भाग सांगते. ते लक्षण सांगते. 'पी ०१७१' याचा अर्थ मिश्रणात इंधनाच्या मानाने हवा जास्त आहे एवढाच. ती हवा उन्हाने तडकलेल्या रबरी नळीतून शिरत असेल, इंधनाचा पंप कमी दाब देत असेल, किंवा हवा मोजणारा सेन्सर मळला असेल. पुष्कळ वेळा मात्र ऑक्सिजन सेन्सर बदलला जातो, कारण माहिती त्याने दिलेली असते. 'पी ०३०१' म्हणजे पहिल्या सिलिंडरात जळण चुकते आहे; अशा वेळी पहिल्या आणि दुसऱ्या सिलिंडरच्या कॉइलची अदलाबदल करावी, आणि क्रमांक 'पी ०३०२' झाला तर दोष कॉइलबरोबर सरकला हे पैसा न खर्चता सिद्ध होते.

इंजिन तापण्याच्या बाबतीत 'कोठे आणि केव्हा' या नोंदीचा उपयोग सर्वांत स्पष्ट दिसतो. चारोटीजवळ विवळवेढे येथील महालक्ष्मीची यात्रा चैत्री पौर्णिमेला सुरू होते, आणि त्या दिवसांत भर उन्हात गाड्यांच्या रांगा पावलापावलाने सरकतात. जी गाडी अशा रांगेत तापते पण महामार्गावर ऐंशीच्या वेगाने जाताच थंड होते, तिचा रेडिएटर शाबूत आणि पंखा नादुरुस्त असतो, कारण वेगात वारा आपोआप रेडिएटरमधून जातो, उभ्या गाडीत तो पंख्यानेच ओढावा लागतो. अशा वेळी पंख्याचा फ्यूज, रिले आणि तापमानाचा स्विच तपासावा, आणि एसी लावताच पंखा फिरतो का ते पाहावे. उलट जी गाडी रांगेत शांत असते पण मनोर ते तलासरी सलग धावताना तापते, तिच्यात पाणी पुरेसे फिरत नाही : रेडिएटर आतून चोंदला आहे, वॉटर पंपाची पाती गंजली आहेत किंवा थर्मोस्टॅट अर्धाच उघडतो आहे. थर्मोस्टॅट ही मेण भरलेली झडप. साधारण ८२ ते ८८ अंशांना मेण वितळून फुगते आणि रेडिएटरकडची वाट मोकळी होते. ती काढून गरम पाण्याच्या पातेल्यात टाकली आणि स्वयंपाकघरातला तापमापक धरला, तर ती केव्हा उघडते ते डोळ्यांनी दिसते.

थर्मोस्टॅट काढूनच टाकणे हा तापणाऱ्या गाडीवरचा महाराष्ट्रभर चालणारा उपाय आहे, आणि इंजिनात होणाऱ्या घरगुती बदलांत बहुधा तो पहिल्या क्रमांकावर असावा. गाडी खरोखरच कमी तापते. पण इंजिन कामाच्या तापमानाला पोहोचायला फार वेळ लागतो, संगणक ते अजून गार आहे असे समजून जास्त इंधन देत राहतो, ते इंधन सिलिंडरच्या भिंतीवरून खालच्या तेलात उतरते आणि ॲव्हरेजही घसरतो. मूळ दोष, म्हणजे चोंदलेला रेडिएटर, तसाच राहतो. किनाऱ्यालगत तो चोंदण्याचे कारणही जवळच असते : विहिरीचे किंवा बोअरचे मचूळ पाणी. त्यातले क्षार गरम पृष्ठभागावर चुन्यासारखे बसतात आणि क्लोराइड ॲल्युमिनिअमला भोके पाडते. कूलंट म्हणजे रंगीत पाणी नव्हे. त्यातील ग्लायकॉलने उकळबिंदू वाढतो आणि त्यातली द्रव्ये गंज रोखतात, म्हणून ते क्षारविरहित पाण्यातच मिसळावे. रेडिएटरच्या झाकणाने आत एका बारच्या जवळपास दाब राखला जातो, ज्यामुळे साधे पाणीसुद्धा १२० अंशांपर्यंत उकळत नाही. गरम गाडीचे झाकण उघडताच तो दाब जातो आणि शंभरच्या वरचे सगळे पाणी एकदम वाफ होऊ लागते. झाकण उघडताना चेहरे भाजतात ते यामुळे.

पावसाळ्यात रस्त्यावरच्या पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न हा या भागातल्या इंजिनांचा मोठा शत्रू आहे. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. मारुती ८०० चे इंजिन ७९६ घन सेंटिमीटरचे आणि तीन सिलिंडरांचे, म्हणजे प्रत्येकी सुमारे २६५ घन सेंटिमीटरचे. दाबाचे गुणोत्तर नऊच्या जवळपास धरले तर पिस्टन वर आल्यावर उरणारी जागा अवघी ३३ घन सेंटिमीटर भरते. दोन मोठे चमचे पाणी आत गेले की ती जागा भरली, आणि मग सेल्फच्या किंवा धक्क्याच्या जोराने पिस्टन वर रेटला तर वाकतो तो कनेक्टिंग रॉड. अशी गाडी ओढून घरी आणावी, एअर फिल्टर ओला आहे का पाहावा, ओला असेल तर सर्व प्लग काढून मगच सेल्फ मारावा, म्हणजे पाणी भोकांतून उडून जाते. डिपस्टिकवरचे तेल दुधी दिसले तर ते बदलल्याशिवाय इंजिन सुरूच करू नये.

चढावर उघड होणारे दोष मात्र अंगणात दिसत नाहीत. कासा सोडून जव्हारकडे जाताना इंजिनाचा आवाज चढतो पण गाडीचा वेग वाढत नाही, तर क्लच घसरतो आहे, इंजिन निर्दोष आहे. आवाजही चढत नाही आणि गाडी मधूनच धक्के देते, तर डिझेल फिल्टर चोंदला आहे. टर्बो असलेल्या गाडीत फुसकारा ऐकू येतो आणि मागे काळा धूर निघतो, तर टर्बोकडून येणारी नळी फाटली आहे. धुराचा रंग इथे उपयोगी पडतो : काळा म्हणजे हवेच्या मानाने जास्त इंधन, निळसर म्हणजे जळणारे ऑइल, आणि गरम इंजिनातूनही न थांबणारा पांढरा म्हणजे सिलिंडरात शिरणारे पाणी किंवा न जळलेले डिझेल. खेड्यापाड्यांतली वाहतूक वर्षानुवर्षे वाहिलेल्या साध्या डिझेल जीपांत, ज्यांत संगणक नसतो, हवा पकडण्याचा दोष नेहमीचा. फिल्टर बदलताना किंवा टाकी कोरडी झाल्यावर नळीत हवा शिरते, आणि हवा दाबली जात असल्यामुळे पंपाचा दाब नोझलपर्यंत पोहोचत नाही. फिल्टरवरचा छोटा स्क्रू सैल करून हातपंप दाबत राहिले की आधी फेस, मग बुडबुडे आणि शेवटी सलग डिझेल येते. तेव्हाच स्क्रू कसावा.

याच जीपांच्या फ्युएल पंपावर कारखान्यातून एक स्क्रू सीलबंद येतो, जो पूर्ण भारावर जास्तीत जास्त किती डिझेल जावे हे ठरवतो. सील तोडून तो फिरवणे, म्हणजे बोलीत पंप वाढवणे, हा इंजिनाची ताकद वाढवण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग मानला जातो. चढावर फरक जाणवतोही. पण हवा तेवढीच आणि इंधन जास्त झाल्याने अर्धवट जळालेले डिझेल काजळी होऊन बाहेर पडते, धुराचे तापमान वाढते आणि पिस्टनचा माथा व झडपा तडकू लागतात. इंजिनातला प्रत्येक बदल असाच असतो : हवा, इंधन, ठिणगीची वेळ आणि थंड करण्याची क्षमता यांपैकी एक वाढवले की बाकीच्यांनी त्याच्या बरोबरीने यावे लागते. हे न समजता केलेली 'सुधारणा' ही बहुतेक वेळा पुढच्या बिघाडाची तारीख ठरवण्यापुरतीच उपयोगी ठरते. उघडा शंकूच्या आकाराचा एअर फिल्टर बसवला तर तो बॉनेटखालची गरम हवा ओढतो, आणि गरम हवा विरळ असते. किनाऱ्यावरच्या वाळूची बारीक धूळ त्यातून गेली तर सिलिंडर घासला जातो ते वेगळेच.

तरीही काही बदल रास्त असतात. २०२३ पासून देशात वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल येऊ लागले, आणि जुन्या कार्ब्युरेटर गाड्यांच्या मालकांपुढे खरा तांत्रिक प्रश्न उभा राहिला. पेट्रोलच्या एका भागाला जळायला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला सुमारे ९. म्हणजे कार्ब्युरेटरमधले जेट, म्हणजे इंधन सोडणारे छिद्र, तेच ठेवून वीस टक्के मिश्रण वापरले तर इंधन कमी पडते, प्लगची टोके पांढरी होतात आणि गाडी थंडीत लवकर पकडत नाही. संगणक असलेली गाडी ही तूट बहुतांशी स्वतः भरून काढते. कार्ब्युरेटरमध्ये एक क्रमांक मोठे जेट बसवणे, आणि इथेनॉलने फुगणाऱ्या जुन्या रबरी नळ्या बदलणे, हे तिथे योग्य उत्तर आहे. इथेनॉल हवेतली वाफ शोषते, म्हणून समुद्रकाठी महिनोन्महिने अर्ध्या टाकीवर गाडी उभी ठेवू नये. टाकीच्या तळाशी पाणी वेगळे झाले की पंप तेच आधी ओढतो.

कायद्याची चौकट इथे माहीत असणे आवश्यक आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने मूळ ठरवलेल्या आणि नोंदणी पुस्तकात लिहिलेल्या तपशिलांशी विसंगत बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये केरळमधून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हाच अर्थ ग्राह्य धरला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनुसार परवानगीबाहेरच्या प्रत्येक बदलासाठी मालकाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. जेट बदलणे किंवा प्लगचे अंतर ठरवणे ही देखभाल आहे. वेगळे इंजिन बसवणे, कन्व्हर्टर काढून टाकणे किंवा इंधनच बदलणे हा फेरबदल आहे, आणि पालघर जिल्ह्यातल्या गाडीसाठी त्याची वाट वसईच्या परिवहन कार्यालयातून, म्हणजे एमएच ४८ या क्रमांकाच्या नोंदणीतून, जाते. फेरबदलाची कला पूर्ण स्वरूपात पाहायची असेल तर ती बंदरावर दिसते : मच्छीमार होडीतले डिझेल इंजिन हे पुष्कळदा ट्रकच्या इंजिनाचेच समुद्री रूप असते, ज्यात रेडिएटरच्या जागी उष्णता समुद्राच्या पाण्याला देणारी नळ्यांची व्यवस्था येते आणि खारे पाणी इंजिनाच्या पोटात जाऊ न देता बाहेरूनच फिरवले जाते.

मोटारींत या भागात सर्वाधिक दिसणारा फेरबदल म्हणजे सीएनजी. सीमेपलीकडे गुजरात आणि दादरा-नगर हवेली, जिथले इंधनावरचे कर वेगळे, आणि अलीकडे रोजचा महामार्ग; त्यामुळे किट बसवण्याचा हिशेब तलासरीत लवकर जुळतो. किट मान्यताप्राप्त आणि त्या मॉडेलसाठी मंजूर असावे लागते, अधिकृत केंद्रातच बसवावे लागते आणि त्याची नोंद पुस्तकात व्हावी लागते. हे काम अंगणातले नव्हे, कारण सिलिंडरमध्ये गॅस २०० बार दाबाने भरलेला असतो. साठ लिटर पाणी मावेल अशा सिलिंडरात नऊ-दहा किलो गॅस बसतो. सिलिंडरची पाण्याच्या दाबाने चाचणी दर तीन वर्षांनी करावी लागते, आणि तिची तारीख मालकाने स्वतः वाचून ठेवावी. गॅसचे रेणू हवेची जागा घेतात म्हणून ताकद दहा टक्क्यांच्या आसपास कमी होते, आणि गॅस पेट्रोलहून सावकाश जळतो म्हणून ठिणगी थोडी आधी द्यावी लागते.

घरच्या तपासणीला मात्र सीएनजी गाडी एक देणगीच आहे, कारण तीत एक बटन दाबून इंधन बदलता येते आणि बाकी सारे इंजिन तेच राहते. गॅसवर मिसिंग आणि पेट्रोलवर सुरळीत, असे दिसले तर सिलिंडरचा दाब आणि झडपा ठीक आहेत. गॅसला पेटायला जास्त व्होल्टेज लागत असल्याने अशक्त प्लग किंवा कॉइल प्रथम तिथे उघडी पडते, म्हणून आधी प्लग बदलून पाहावेत, मग गॅसचा फिल्टर. पेट्रोलवर मिसिंग आणि गॅसवर सुरळीत, तर पेट्रोलचे इंजेक्टर किंवा पंप. सतत गॅसवर चालवणाऱ्यांच्या गाडीत इंजेक्टर न वापरल्याने चिकटतात, आणि रोज काही किलोमीटर पेट्रोलवर चालवणे हा त्यावरचा उपाय आहे. दोन्हींवर सारखेच मिसिंग असेल तर कॉम्प्रेशन गेज काढावा. आणि महामार्गावर गॅसवर चालताना गाडी अचानक मरगळली, दाब कमी करणाऱ्या रेड्यूसरवर दव किंवा बर्फाचा थर दिसला, तर गॅसच्या मिस्त्रीकडे जाण्याआधी रेडिएटरचे पाणी तपासावे : दोनशे बारवरून उतरताना गॅस अतिशय गार होतो, रेड्यूसरला ऊब इंजिनाच्या कूलंटमधूनच मिळते, आणि कूलंटची पातळी घटली की ती ऊब सर्वांत आधी तिथे कमी पडते.